सुभद्रानं चाक ओळीत आणलं

बोरखेडीत मोटारसायकल चालवणारी बाई एकच होती, आणि तिच्या गाडीची चेन पडली की गावाला दिवसभर पुरेल एवढा विषय मिळायचा. पुरुषांच्या गाड्यांच्याही चेनी पडत होत्या. पण पुरुषाची पडली तर दोष चेनचा, सुभद्राची पडली तर दोष सुभद्राचा, असा त्या गावाचा सरळ हिशेब होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत तर ठरूनच गेलं होतं, की बाईच्या हाताखाली यंत्र टिकत नसतं. हे बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या गाड्या स्वतः ढकलल्याशिवाय चालू होत नव्हत्या, ही गोष्ट मात्र कुणी काढत नसे.

सुभद्रा ही केशवराव माळ्यांची सून. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि एकदा मनात घेतलं की खुट्ट्यासारखी रुतून बसणारी. ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कापूस आला तर भाव नसे, भाव आला तर घरात कापूस नसे. गावोगाव पुढाऱ्यांच्या गाड्या धूळ उडवत यायच्या, हळहळून परत जायच्या. तिचा नवरा चंद्रभान शेताच्या भरवशावर बसला नाही, अकोल्याच्या एका दालमिलमध्ये कामाला लागला. जाताना तो म्हणाला, "कपाशीच लावजो." सुभद्रानं मान हलवली आणि विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू लावला.

झेंडू तर फुलला, पण तो अमरावतीला न्यायचा कसा? सकाळच्या एसटीचा कंडक्टर फुलांचे गठ्ठे पाहिले की दार ओढून घ्यायचा. चंद्रभानची गाडी ओसरीत पोत्याखाली झाकून पडली होती. सुभद्रानं पोतं काढलं, पदर खोचला आणि खळ्यात गोल गोल फिरून गाडी शिकली. दोनदा कडब्याच्या गंजीत घुसली, एकदा शेणाच्या खड्ड्यात. चौथ्यांदा मात्र ती थेट गावाबाहेर पडली, आणि परत आली तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू होतं ते लग्नाच्या फोटोतही नाही.

सासरे केशवराव या सगळ्यात सुनेच्या बाजूचे होते. पंचाईत झाली ती त्यांच्या प्रेमानंच.

केशवरावांची उभी हयात विहिरीवरचं ऑइल इंजिन चालवण्यात गेली होती. इंजिनावरून पंपाला जाणारा पट्टा ताठ असला तर पाणी, ढिला पडला तर घसरतो, पाणी बंद. हे ज्ञान त्यांच्या हाडात मुरलेलं. मोटारसायकलची चेन म्हणजे त्यांच्या लेखी लोखंडी पट्टाच. दर शनिवारी अंघोळ झाली की ते पाना घेऊन गाडीजवळ बसत आणि चेन कसत. टिचकी मारल्यावर ती टण्ण वाजली पाहिजे, तेव्हाच त्यांचं समाधान. त्यातही ते नट फिरवत तो फक्त चेनच्या बाजूचा. चेन या बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, मग तिकडच्या नटाला कशाला छळायचं? नट हलेनासा झाला की हातोडीनं दोन ठोके. चेन पडली की त्यांना वाटे, आपण कमी कसली. मग पुढच्या शनिवारी आणखी कसत.

अमरावतीच्या वेशीवर, वलगाव रोडला वकारमियाँचं गॅरेज होतं. चेन पडली, अडली, की सुभद्रा गाडी त्याच्याकडे न्यायची. तो चेन सैल करून द्यायचा, ती घरी आणायची, शनिवारी सासरे, तिचे मामाजी, ती पुन्हा ताणायचे. नवरात्र बसलं त्या सुमारास ती परत त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा रमजान चालू होता. वकारमियाँचा रोजा होता आणि ओठ सुकले होते. त्यानं चेनला बोट लावलं आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, मी ढिली करून देतो, तुमी कसून आणता. काही दुश्मनी हाय का चेनसंगं? कोन करते हे?"

सुभद्रा चेनकडे पाहू लागली. सासऱ्याचं नाव गॅरेजात कसं घ्यायचं? घरचा म्हातारा माणूस परक्यासमोर उघडा पाडणं तिच्या जिवावर आलं.

"कोनी का असेना," वकारमियाँ म्हणाला, "एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी रिकामी असते तवा चेन पाहूच नका. तुमचे दोन गठ्ठे चढले का शॉकप दबते, मागचं चाक वर सरकते, अन् चेन आपोआप तानल्या जाते. तुमी तर आधीच तानून ठेवली. मंग ती जाईन कुठं? दाते खाते, बेरिंग खाते, अन् एका जागी लंबी होऊन उतरते. गाडीवर भार बसवा, मंग पाहा. खालून बोटानं उचलली तर दोन बोटं खेळली पाह्यजे. अन् दोन्ही अंगचे नट सारखे फिरवा, नाही तं चाक तिरपं बसते."

"सारखे झाले हे समजाचं कसं?"

"चाक धरनाऱ्या चिमट्यावर दोन्हीकडे निशान असतात ना," असं म्हणत त्यानं वाकून पाहिलं आणि हताश हसला. "तुमच्या गाडीले चेनच्या अंगचे नाहीत. ठोकून ठोकून सपाट केले कोनंतरी."

घरी येऊन तिनं भीतभीत विषय काढला. "मामाजी, वकारभाई म्हनत होते का चेन जराशी ढिली..."

"त्याले दुकान चालवाचं हाय," केशवराव म्हणाले. "चेन ढिली ठेवा, झिजवा, अन् मंग त्याच्याच दुकानातून नवी घ्या. म्या जिंदगीभर पट्टे कसले सुभद्रे, मले नको सांगू." आणि शनिवारी टण्ण.

त्याच आठवड्यात परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली. शेताकडे जाणारी पांधण ओली झाली, गाळ लोण्यासारखा गुळगुळीत. शेतातून गाडी घेऊन निघालेल्या सुभद्रानं सहज मागं वळून पाहिलं आणि थांबली. गाडी नाकासमोर आली होती, पण मागं चिखलात रेघा दोन होत्या. पुढच्या चाकाची एक, आणि तिला चिकटून, बाजूनं, मागच्या चाकाची दुसरी. तिच्या हातून ओळ अशी कधी गेली नव्हती.

ओळ ही सुभद्राची खास गोष्ट. कपाशी चौफुलीवर लावतात, म्हणजे उभी दोरी टाकून खुणा, मग आडवी दोरी टाकून खुणा, आणि जिथं दोन्ही मिळतात तिथं बी. मग तण काढणारा डवरा उभाही चालतो आणि आडवाही. दोरी जराशी कलली की डवऱ्याच्या पात्याखाली झाडं कापली जातात. लग्न होऊन आली तेव्हा केशवरावांनीच तिला दोरी धरायला शिकवलं. ते एक डोळा मिटून बांधावर बसायचे, आणि ओळ केसभर सरकली तरी सगळी मोडून पुन्हा टाकायला लावायचे. सुरुवातीला ती रडायची. नंतर तिची नजर सासऱ्यापेक्षा तिखट झाली, आणि आसपासच्या गावांतून तिला दोरीवर बोलावणं येऊ लागलं. ती तिथंच चिखलात उभी राहून त्या दोन रेघांकडे पाहत राहिली आणि वकारमियाँचं 'तिरपं बसते' तिला आता डोळ्यांनी दिसलं. पण मामाजींना हे तोंडानं सांगणार कोण?

नवमीच्या सकाळी अमरावतीहून मोकळी परत येताना, पुलाच्या उतारावर चेन पडली. नुसती पडली नाही, चाकात आणि चिमट्यात अडकली. मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं झालं, गाडी फरफटली, सुभद्रा रस्त्यावर. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. कोपर सोलून निघालं होतं. तिनं चेन ओढून काढली आणि गाडी ढकलत घरी आणली. दारात चंद्रभान उभा होता, दसऱ्यासाठी अकोल्याहून नुकताच आलेला, हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती.

त्यानं तिचं कोपर पाहिलं, गाडी पाहिली. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"बस झालं," तो म्हणाला. "आज चेन चाकात गुतली, उद्या ट्रकखाली जाशीन. मिलमधला एक जन गाडी मागूनच राहिला. दसऱ्याची पूजा झाली का मी घेऊन जातो."

"अन् झेंडू?"

"झेंडूपेक्षा तू राह्यली पाह्यजे मले."

त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून तर सुभद्राला भांडताही येईना. गाडी गेली की झेंडू गेला. झेंडू गेला की पुन्हा दुसऱ्याच्या वावरात वाकून निंदण. पण खरं सांगायचं तर तिला निंदणाचं तेवढं दुःख नव्हतं. पहाटे पदर डोक्याला घट्ट बांधून रस्त्यावर निघालं की वाटायचं, हा रस्ता आपला आहे. ते जाणार होतं. तिला राग आला. चेन काय, नट काय, एवढ्याशा लोखंडापायी?

"आवो, आजची दुपार गाडी माह्या हाती द्या," ती म्हणाली. "सुधरली नाही तं खुशाल न्या. मी चकार शब्द बोलनार नाही."

चंद्रभान 'बरं' म्हणाला. तो बरा माणूस होता, फक्त घाबरलेला.

पण दिवस खंडेनवमीचा. केशवरावांनी सकाळीच पाटावर इंजिनाचं हँडल, विळा, डवऱ्याची पात, हातोडी आणि घरातले सगळे पाने ओळीनं मांडले होते. हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचे हार घातलेले. एकदा पूजेत बसलेलं अवजार दुसऱ्या दिवशी सोनं वाटल्याशिवाय उचलायचं नाही, हा घरचा नेम. पान्याशिवाय नट सुटणार नाही, आणि पाने देवापुढं.

सुभद्रानं पाटाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात टांगलेल्या दोरीकडे पाहिलं. दोरी पूजेत मांडायची राहून गेली होती. म्हाताऱ्याला ती अवजार वाटली नसावी.

तिनं गाडी अंगणात मोठ्या स्टँडवर लावली. दोरीचा मध्य मागच्या टायरला मागून बांधला, जमिनीपासून वीतभर वर. दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही अंगांनी पुढं आणली, दोरी मागच्या टायरच्या पुढच्या काठाला जेमतेम टेकेल अशी ताणली, आणि पुढच्या चाकापाशी दोन खुट्टे ठोकून बांधली. हँडल सरळ धरलं आणि पाहिलं. उजवीकडे दोरी पुढच्या टायरला घासत होती. डावीकडे टायर आणि दोरीच्या मध्ये तीन बोटं सहज जात होती.

खुट्टे ठोकल्याचा आवाज ऐकून केशवराव बाहेर आले. अंगणात दोरी ताणलेली, सून उकिडवी बसलेली. म्हाताऱ्याचे पाय सवयीनं तिकडे वळले. ते दोरीच्या टोकाशी बसले, एक डोळा मिटला, आणि आयुष्यभर जे बोलत आले तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"वाकडी हाय ही ओळ. कोनं टाकली?"

केशवरावांची नजर दोरीवरून मागच्या चाकावर गेली. चेनच्या बाजूचा नट पाना लागून लागून चकचकीत झालेला होता. ते गुडघ्यावर हात देत उठले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तिथला नट गंजानं लाल, जन्मात कुणी न शिवलेला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग सुनेच्या सोललेल्या कोपराकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

ते तरातरा आत गेले आणि बाहेर आले ते पाने घेऊन. पान्यांवर कुंकू तसंच, एकावर झेंडूची पाकळी चिकटलेली.

"बाबा, पूजेतले हायेत ते," चंद्रभान म्हणाला.

"देवीले काय सांगाचं ते मी पाह्यतो." त्यांनी पाना सुभद्राच्या हातात दिला. स्वतः बसले नाहीत, तिला बसू दिलं. "दोरी तुह्याच हातची सरळ असते. सांग, कोनता नट किती."

त्या घरात सासऱ्यानं सुनेला असं विचारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सुभद्राचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. आधी एक्सलचा मोठा नट सैल केला. गंजलेल्या नटावर घासलेट टाकलं, थांबली, पुन्हा टाकलं. तो हलेना. केशवरावांनी जोर लावला, चंद्रभाननं लावला. शेवटी सुभद्रानं पाना अडकवला आणि त्याच्या दांडीवर पाय देऊन उभी राहिली, तेव्हा कर्रर्र आवाज करत नट सुटला. कुंपणापलीकडून दुर्गाबाई, शेजारीण, डोकावून पाहत होती. तिनं टाळीच वाजवली.

मग चेनच्या बाजूचा नट मागं घेतला, चाक पुढं ढकललं, दुसरीकडचा थोडा फिरवला, दोरी पाहिली. पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिली. हळूहळू दोन्हीकडे सारखीच फट आली, बोट जाईल न जाईल एवढी. केशवराव दोन्ही बाजूंना जाऊन एक डोळा मिटून आले आणि म्हणाले, "आता पेरा बिनघोर."

"आता भार पाह्यजे," सुभद्रा म्हणाली. गाडी स्टँडवरून उतरवली. "तुमी दोघं बसा गाडीवर. मामाजी मांगं, तुमी समोर. समजा तुमी माहे गठ्ठे हा."

बाप-लेक गाडीवर बसले. शॉकप दबले, आणि ती खाली वाकून चेन बोटानं उचलून पाहू लागली. "हालू नका! जरासं पुढं घ्या. पायानं. हळू! थांबा. इथं ताठ हाय." दोघं मोठे पुरुष अंगणात पाय घासत वीतवीत पुढं सरकत होते, चाक फिरून चेनची सगळ्यात ताठ जागा सापडेपर्यंत.

"काहून वो केशवभाऊ," दुर्गाबाई कुंपणावरून ओरडली, "देवीची मिरवनूक आज गाडीवरच निघाली का?"

"तू गप राह्य," केशवराव म्हणाले. "आमी गठ्ठे हाओत. गठ्ठे बोलत नसतात."

चंद्रभान इतका हसला की गाडी हलली आणि सुभद्रानं त्याला दटावलं. त्या ताठ जागेला दोन बोटं खेळतील एवढी सैल चेन तिनं ठेवली, दोन्हीकडचे नट सारखेच मोजून फिरवले आणि एक्सल कसला. कसल्यावर पुन्हा दोरी लावली, आणि बरं झालं लावली, कारण कसताना चाक केसभर सरकलं होतं. चंद्रभान म्हणाला, "चालते एवढं." केशवराव त्याच्यावर खेकसले, "केसभर म्हंजे पुऱ्या ओळीत हातभर होते. खोल!" तिनं पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं. चाक पुढं आल्यामुळे ब्रेक खोल जातोय हे चंद्रभानच्या ध्यानात आलं, ब्रेकच्या दांडीचा नट त्यानं आवळला. चेनला तेल दिलं, चाक हातानं फिरवलं. ते फिरतच राहिलं, कुठं अडखळलं नाही.

केशवरावांचा हात टिचकी मारायला सवयीनं चेनकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो धोतराला पुसला.

दसऱ्याच्या पहाटे दोन फुगलेले गठ्ठे दोन्ही बाजूंना बांधले, आणि मध्ये चंद्रभान बसला. "मी चालवू का?" त्यानं विचारून पाहिलं. सुभद्रानं किक मारली, तेच उत्तर. पुलाच्या उतारावर त्यानं तिच्या खांद्यावरचा हात घट्ट केला. गाडी उतरली, वळली, चढली. चेनचा आवाज म्हणून नाही, नुसतं इंजिन आणि वारा. "थांबू नको," तो तिच्या कानाशी म्हणाला, जणू ती थांबणारच होती. फुलबाजारात त्यानं स्वतः गठ्ठे सोडले. उन्हं चढायच्या आत झेंडूची एक पाकळी शिल्लक नव्हती. परतताना वलगाव रोडला तिनं वकारमियाँच्या गॅरेजसमोर गाडी थांबवली. तो आला, दोघांना बसून राहायला सांगितलं, चेन उचलून पाहिली, मागं जाऊन चाक पाहिलं.

"भाभी," तो म्हणाला, "आता माह्याकडं येऊ नका. आले तं चाय प्याले या, ईद झाल्यावर."

सुभद्रा हसली. एवढं मोकळं ती खूप दिवसांत हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानची रजा संपली. तो पिशवी घेऊन ओसरीत आला तेव्हा सुभद्रा गाडीवर बाजारासाठी नव्या गठ्ठ्यांच्या गाठी आवळत होती. गाडी न्यायची की नाही, याबद्दल तो दसराभर एक अक्षर बोलला नव्हता, आणि तिनंही विचारलं नव्हतं. तो गाडीजवळ आला, गठ्ठ्यांच्या मधल्या जागेवर पिशवी मांडीत घेऊन बसला आणि म्हणाला, "चाल. फाट्यावर सोड मले."

फाट्यावरच्या टपरीत नेहमीचे सगळे बसलेले. सुभद्राच्या गाडीवर मागं बसून येणारा चंद्रभान पाहून चहाचे ग्लास ओठांपाशीच राहिले. त्याला कळत होतं, कोण काय बघतंय ते. तो सावकाश उतरला, शर्ट नीट केला. एसटी आली, तो चढला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, जरुरीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं बोलला.

"सुभद्रे! मिलमधल्या त्या मानसाले मी सांगून देतो, दुसरी गाडी पाह्य म्हनून. आपली गाडी आपल्याले लागते."

सुभद्रानं मान हलवली. मग एसटी हलायच्या आधीच तिनं किक मारली आणि तिच्या पुढून अमरावतीच्या रस्त्याला लागली, कारण मागं दोन गठ्ठे होते आणि ऊन वर येत होतं.